गाण्यांच्या दाराशी उभा असलेला जॉबर

मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी जॉबर असे. दाराशी ताटकळणाऱ्या बदली कामगारांतून आज कोणाला आत घ्यावयाचे हे तो ठरवी आणि त्याबद्दल दस्तुरी खाई. आज गाण्यांच्या दाराशीही असाच एक माणूस उभा आहे. आपल्यातील काही तरुणांना त्याच्या नोकरीची ओढ वाटते. म्हणून तिचे स्वरूप सांगतो.

फोनवर गाणी पुरविणाऱ्या कंपन्यांकडे कोट्यवधी गाणी साठविलेली आहेत. एवढ्या ढिगातून श्रोत्याने काय शोधावे? म्हणून प्रवासाची, निवांत वेळेची, अमक्या भाषेतील नव्या गाण्यांची अशा याद्या लावून देतात. हे काम करणारा तो संपादक. काम तसे जुनेच. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेत अमीन सयानी पुढे गाण्यांची उतरंड लावीतच होते. परंतु रेडिओवाल्याला श्रोता दिसत नसे. या संपादकाला मात्र कोणते गाणे किती जणांनी मध्येच सोडले याचा हिशेब समोर दिसतो. त्यावरून तो गाणे वर चढवितो, खाली उतरवितो, काढूनही टाकतो. कान, भाषेची जाण व हजारो गाणी ऐकण्याची चिकाटी एवढे त्याचे भांडवल.

आता मजुरीचा प्रश्न. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले म्हणजे ते ऐकले गेले असे धरतात. जमा रकमेतील हक्कदारांचा भाग एकूण ऐकण्यातील वाट्याप्रमाणे वाटला जातो. २०२४ पासून तर बारा महिन्यांत हजारदा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळतच नाही. तेव्हा यादीत जागा मिळणे हा गायकाच्या पोटाचा प्रश्न झाला.

शिवाय या संपादकाशेजारी यंत्रही येऊन बसले आहे. २०१५ पासून ते दर सोमवारी प्रत्येक श्रोत्याला तीस गाण्यांची निराळी यादी करून देते. २०२० साली कंपनीने एक योजना काढली: मोबदला कमी घेण्यास कबूल व्हा, यंत्र तुमचे गाणे अधिक पुढे करील. संपादकांच्या याद्यांत पैसे देऊन शिरता येत नाही असे कंपनी सांगते, ते मी मान्य करतो. पण मजुरी सोडून हजेरी मिळविणे याला गिरणगावात दस्तुरीच म्हटले असते! अमेरिकेने १९६० साली रेडिओवरील असल्या छुप्या देण्याघेण्याला कायद्याने बंदी घातली. तो कायदा प्रसारणापुरता. फोनवरील गाण्यांना तो लागत नाही.

आणि खुद्द जॉबरची नोकरी तरी कायम आहे काय? डिसेंबर २०२३ मध्ये याच कंपनीने शेकडा सतरा नोकर कमी केले. ज्याला या धंद्यात जावयाचे आहे त्याने नेमणूकपत्र घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: यादीवर शेवटचा शब्द माणसाचा की यंत्राचा, आणि माझ्या निवडीवरून यंत्राला शिकविणार असाल तर त्याचे वेतन काय?

गायक-वादकांनी विचारावयास सुरुवात केली आहे. अमेरिकेतील त्यांच्या एका संघटनेने २०२० साली स्पॉटिफायपुढे मागण्या ठेवल्या. प्रत्येक ऐकण्यामागे एक सेंट मिळावा ही त्यांतली एक. छुपे देणेघेणे उघड करून बंद करावे ही दुसरी. एका सेंटाची मागणी कंपनीने अद्याप मान्य केलेली नाही.