कानावरचे केस आणि वंशाचा दिवा

रेडिओवर बोलण्याचा मोठा फायदा असा, की तुमचे कान माझं बोलणं ऐकतात, पण माझे कान तुम्हाला दिसत नाहीत. दिसले असते तर बोलण्याकडे तुमचं लक्षच लागलं नसतं. मंडळी, माझ्या दोन्ही कानांच्या पाळ्यांवर केस आहेत. साठीनंतर कानातून डोकावणारे चार केस कुणालाही येतात, त्यांच्याविषयी मी बोलत नाही. माझे पाळीच्या कडेवर उगवलेले, दात घासायच्या ब्रशासारखे ताठ. मोजपट्टी लावून घेतलेली सर्वांत मोठी नोंद साडेतीन सेंटिमीटर. त्याचा गर्व करण्यात अर्थ नाही. 2007 साली गिनीज बुकात तमिळनाडूतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची नोंद झाली, ती 18.1 सेंटिमीटरची! त्यांच्यापुढे मी बालवाडीत.

डोक्यावर मात्र काही नाही. आमचे सलूनवाले डोकं दोन मिनिटांत उरकतात, कानांना दहा मिनिटं देतात आणि पैसे पूर्ण घेतात. यावरून मी एक सिद्धान्त मांडला होता : शरीरातले केस नष्ट होत नाहीत, त्यांची फक्त बदली होते, आणि तीही सरकारी पद्धतीनं, जिथे गरज नाही तिथे. गंमत म्हणजे यात थोडं तथ्य निघालं. पुरुषी संप्रेरकांचा परिणाम केसांच्या मुळांवर जागेनुसार वेगळा होतो. ज्यांच्यात टकलाची प्रवृत्ती असते, त्यांच्या टाळूवरची मुळं त्यामुळे आक्रसतात. कान, नाक, भुवया इथली जोमानं वाढतात. साहेब तोच, पण एका टेबलाला मेमो आणि दुसऱ्याला बढती.

माझ्या वडिलांच्या कानांवर असेच केस होते. आजोबांच्याही होते, असं आत्या सांगायची. आजोबांच्या एकमेव फोटोत पागोट्यानं कान झाकलेले असल्यामुळे हा पुरावा ऐकीव समजावा. "कानावर केस म्हणजे भाग्याचं लक्षण," असंही ती म्हणायची.

मला दोन मुली. धाकटी झाली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात हीच आत्या म्हणाली, "आता घराण्याचं नाव कोण चालवणार रे?" वडील काही बोलले नाहीत. कानावरचे केस बोटानं पिळत बसून राहिले. काळजीत असले की ते तसं करायचे. आत्याचं बोलणं मी पुढे सोडून दिलं, पण तो हात काही डोळ्यांपुढून गेला नाही.

ही धाकटी 2000 साली बारावीला होती. एक दिवस जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन आली. "बाबा, तुमचे कान छापून आलेत!" आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. त्यातलं 'वाय' हे छोटंसं गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला मिळतं, मुलीला नाही. कानावरचे केस या 'वाय'वरून येतात, असं पुस्तकात होतं. मुळात हे आलं कुठून? जे. बी. एस. हाल्डेन हे मोठे ब्रिटिश शास्त्रज्ञ 1957 साली इंग्लंड सोडून कलकत्त्याला आले. त्यांचे शिष्य कृष्ण द्रोणमराजू यांनी 1960 मध्ये अशा केसांच्या वंशावळी प्रसिद्ध केल्या. बापाला केस, मुलाला केस, मुलींना नाहीत.

म्हणजे आमच्या घराण्यात मुलाकडेच जाईल अशी वस्तू एकच होती, ती म्हणजे कानावरचे केस. जमीन कूळकायद्यात आधीच गेली होती. वडिलांना मी हे हसत हसत सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुझ्यापाशी संपलं." मला वाटलं होतं तेही हसतील. पुढच्या वर्षी ते गेले.

धाकटी एम.एस्सी. करत होती तेव्हा, 2004 साली, नवं संशोधन आलं. दक्षिण भारतातल्या केसाळ कानांच्या पुरुषांची 'वाय' गुणसूत्रं तपासून साध्या कानांच्या पुरुषांशी ताडून पाहिली. फरक सापडला नाही. हा गुण 'वाय'वर असल्याचं त्यातून दिसेना. मग मुलींना केस का येत नाहीत? धाकटीनं मिशीचा दाखला दिला. मिशी पुरुषांनाच येते. पण ती कशी यावी याची जनुकं आईकडूनही येतात. आईला मिशी नसते, एवढंच. टकलाचंही एक महत्त्वाचं जनुक 'एक्स' गुणसूत्रावर आहे, आणि मुलाला 'एक्स' मिळतं ते आईकडूनच. तसंच कानाचं असेल, तर मुलगी स्वतः गुळगुळीत कानांनी वावरेल आणि ऐवज पुढे पोचवेल. जुन्या वंशावळी बाप-लेक, बाप-लेक अशा वाचल्या, की लेकीच्या मुलाचे कान बघायचे राहून जातात. आमच्या व्हरांड्यातही तेच झालं होतं. हे ऐकायला वडील हवे होते.

धाकटीचा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. कान लोण्यासारखे. पण हे केस मोठेपणीच उगवतात, त्यामुळे निकालाला वीसेक वर्षं सहज लागतील, आणि तेव्हा निरीक्षक जागेवर असेल याची खात्री नाही. गेल्या दिवाळीत सलूनला निघालो, तर धाकटीनं थांबवलं. कात्रीनं माझे चार केस कापले, पाकिटात घातले, वर तारीख लिहिली. मी नातवाला विचारलं, "हे रे कशाला?"

तो म्हणाला, "तुलनेसाठी, आजोबा."