गग्ग भिक्खू आणि स्मृतीचे प्रशिक्षण

विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत आली आहे. त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. उपोसथाचा दिवस त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. महावग्गातील उपोसथक्खन्धकानुसार भगवंतांनी त्याला दंड सांगितला नाही. संघाने त्याला ‘उम्मत्तकसम्मुति’ द्यावी, अशी अनुज्ञा दिली. त्यामुळे तो उपस्थित असो वा नसो, संघाचे कर्म अडत नसे. पुढे तो बरा झाल्यावर काही भिक्खू त्याच्या भ्रमावस्थेतील वर्तनावर बोट ठेवू लागले. तेव्हा त्याच्यासाठी ‘अमूळ्हविनय’ सांगितला गेला. त्याचा वृत्तान्त चुल्लवग्गात आहे.

गग्गाला आजच्या एखाद्या रोगाचे नाव देणे योग्य होणार नाही. परंतु विस्मरण हा अपराध नव्हे, ही त्यामागील दृष्टी स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता समजून घेताना आजही मोलाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे तीनशे माणसांमागे एकास हा विकार असतो. कानी येणारे आवाज आणि निराधार संशय ही त्याची लक्षणे सर्वांना ठाऊक असतात व औषधांनी ती बहुधा आटोक्यात येतात. मात्र अवधान, स्मृती आणि नियोजन यांतील दुर्बलता अनेकदा मागे उरते. तिच्यावर औषधांचा प्रभाव फारसा पडत नाही. घरचे लोक मग म्हणतात, ‘आता बरा झाला, पण आळशी झाला.’ हा आळस नसतो, रोगाचाच भाग असतो.

या दुर्बलतेवरील उपायास बोधनिक प्रशिक्षण म्हणतात. सोप्यापासून कठिणाकडे जाणारे सराव, त्यांची पुनरावृत्ती आणि काम लहान टप्प्यांत विभागण्याच्या युक्त्या, असे त्याचे स्वरूप असते. टिल वाइक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात बोधनिक क्षमतांमध्ये लहान ते मध्यम, परंतु टिकणारी सुधारणा आढळली. लक्षणांवरील परिणाम मात्र अल्प होता आणि तो टिकला नाही. सरावाला पुनर्वसनाची जोड मिळाली, तेथे दैनंदिन व्यवहारातील लाभ अधिक होता. म्हणजे केवळ कोडी सोडवून मनःस्वास्थ्य लाभत नाही. सुधारलेली स्मृती कामी येईल असे काम आणि अशी माणसेही लागतात.

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी ही सोय सहज मिळत नाही. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. मूळचे धुळ्याचे, कॅनडात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापिली, तीत रुग्णांच्या कुटुंबांना महत्त्वाचे स्थान आहे. २०२२ पासून ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक गावातूनही लावता येतो. घरीही तज्ज्ञांच्या सल्ल्याने आरंभ करता येईल: बाजारातून प्रथम तीनच वस्तू आणावयास सांगणे, मग पाच, दिवसाची कामे भिंतीवर लिहून ठेवणे, चूक झाल्यास न रागावता तोच टप्पा पुन्हा करवून घेणे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ‘सति’ या शब्दात स्मरणाचा अर्थ आहे, म्हणून ध्यानशिबिर हाच यावरील उपचार, असा समज करून घेऊ नये. दीर्घ मौनाच्या साधनेने अशा रुग्णाचा त्रास वाढू शकतो. विपश्यना केंद्रेही गंभीर मनोविकार असलेल्यांना शिबिरात न येण्याचा सल्ला देतात. ‘ध्यान सुरू केले’ म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध बंद करणे तर घातकच होय.

संघाने गग्गाचे विस्मरण सोसले, आपले कार्यही थांबू दिले नाही आणि तो बरा होताच मागचा हिशोब मिटविला. आपल्या घरातील व विहारातील गग्गासाठी आपल्याला याहून वेगळे काही करावयाचे नाही.