चार कप चहा आणि अर्ध्या तासाची सायकल

आपल्या घरांत पाहुणा आला की आधी पाणी आणि मागोमाग चहा. नको म्हणणे पाहुण्याला जड जाते. म्हसवडसारख्या गावात सकाळी घरी, मग दुकानात, बाजारात आणि संध्याकाळी पुन्हा घरी असे चार कप सहज होतात. भाकरी किती खाल्ल्या ते आपण सांगू शकतो, पण साखर किती प्यालो ते कोणी मोजत नाही.

हिशेब सोपा आहे. कपाला दोन चमचे साखर धरली तर चार कपांत आठ चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम होते. तिच्या १६० कॅलरी, दुधाच्या वेगळ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की अशी साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी; ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत आणली तर अधिक चांगले. चहातच आपण ही पुढची मर्यादा ओलांडतो. वर ३०० मिलिलिटर कोला घेतला, तर आणखी ३० ग्रॅमच्या वर साखर पोटात जाते.

आता सायकल. ६० किलो वजनाच्या माणसाने गावातल्या गावात अर्धा तास सावकाश सायकल चालवली, तर सुमारे १२० कॅलरी खर्च होतात. म्हणजे चार कपांतली नुसती साखर जिरवायला ४० मिनिटे हवीत. कोला प्यायला मात्र दोन मिनिटे पुरतात. म्हणून ‘सायकल चालवतो, आता काहीही प्यावे’ हा हिशेब जुळत नाही. आधी पेल्यातली साखर कमी करायची आणि सायकल रोज चालवायची.

सायकलचा फायदा केवळ कॅलरींचा नाही. पायांचे स्नायू चालू लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि इन्सुलिन चांगले काम करते. वजन फारसे उतरले नाही तरी हा लाभ मिळतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत अब्बांच्या किंवा अम्मींच्या गोळ्यांचा डबा रोज उघडतोच.

रमजानमध्ये जास्त जपायला हवे. दिवसभराच्या तहानेनंतर गोड सरबताचे दोन पेले कधी संपले ते कळत नाही. इफ्तारला खजूर आणि साधे पाणी घ्यावे, सरबत अर्धा पेला, तेही पातळ. माठातले पाणी, बिनसाखरेचे ताक किंवा मीठ घातलेले लिंबूपाणी तहान चांगली भागवते. रोजात भर उन्हात सायकल दामटू नये. इफ्तारनंतर थोड्या वेळाने हळू फेरी मारावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी रोजा आणि व्यायाम दोन्हींबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे.

म्हसवडला सायकल नवी नाही. १९९७ मध्ये इथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. माणदेशीच्या कामातून लांबच्या वस्त्यांवरच्या मुलींना शाळेसाठी सायकलीही मिळाल्या. पण बहुतेक घरांत शाळा संपली की मुलीची सायकल भिंतीला टेकते आणि पुढे अर्ध्या किलोमीटरवरच्या किराण्यालाही मोटारसायकल निघते.

ती सायकल झाडून, हवा भरून पुन्हा बाहेर काढावी. तीन किलोमीटरवरचे काम असेल तर जाऊन-येऊन अर्धा तास होतो. आठवड्यातून पाच दिवस असे केले की जागतिक आरोग्य संघटना सांगते ती १५० मिनिटे भरतात. आणि घरात चहा उकळताना साखर आजपासून निम्मी घालावी. आठ-पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. पाहुण्यालाही ‘साखर किती?’ असे विचारावे. मेहमाननवाजीत त्याने काही कमी होत नाही.