ताईंचा पगार कोणत्या रकान्यात लिहायचा?

मागच्या भागात संस्था नोंदवायची कशी, न्यास करावा की सोसायटी की कलम ८ ची कंपनी, हे पाहिलं. त्यानंतर बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला : नोंदणी झाली, आता पैसे आणायचे कुठून? आज तेच बोलू. पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

मी सुरतेत राहतो. इथल्या लिंबायत-उधना भागात धुळे, नंदुरबार, जळगावकडची कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आहेत. वडील लूमवर, आई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. महानगरपालिकेच्या मराठी शाळाही आहेत. मुलं आठवीपर्यंत टिकतात, मग सुटतात. मोफत शिक्षणाचा कायदा ६ ते १४ वर्षांपर्यंतच आहे आणि देणगीदारांची नजरही, खरं सांगायचं तर, तिथेच संपते. लहान मुलाचा फोटो चांगला येतो. सोळा वर्षांच्या, लूमवर रात्रपाळी करून आलेल्या मुलाचा येत नाही.

अशा सुटलेल्या मुलामुलींना मुक्त विद्यालयातून दहावीला बसवायचा वर्ग आम्ही चालवतो. एका कंपनीने वर्षभराचं अनुदान मंजूर केलं. टॅब, पुस्तकं, कपाट, दारावर त्यांच्या नावाची पाटी, सगळं मिळालं. शिकवणाऱ्या दोन ताईंच्या पगाराची ओळ मात्र खोडून आली. कारण दिलं : हा प्रशासकीय खर्च आहे, नियमाने पाच टक्क्यांवर देता येत नाही. मी मान डोलावली आणि सही केली. सातव्या महिन्यात एक ताई गेल्या. त्यांचंही घर होतं, त्या किती दिवस उसनवारीवर शिकवणार? बावीस मुलं होती, परीक्षेला नऊ बसली. टॅब कपाटात होते.

नंतर मी नियम वाचायला बसलो. तो आधी वाचला असता तर ही वेळ आली नसती.

नियम असा आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीचं निव्वळ मूल्य ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. यालाच आपण सीएसआर म्हणतो. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. आता त्या पाच टक्क्यांकडे या. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासनासाठी आहे : त्यांचं कार्यालय, त्यांची माणसं. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्यात धरायचाच नाही. म्हणजे मुलांना शिकवणाऱ्या ताईंचा पगार हा प्रशासकीय खर्च नाही, तो प्रकल्पच आहे. शिकवणारी व्यक्ती काढली तर त्या प्रकल्पात उरतं काय?

माणसं खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. समोरच्या अधिकाऱ्यालाही बऱ्याचदा कुणीतरी असंच सांगितलेलं असतं. म्हणून आता प्रस्तावात मी 'पगार' असा मोघम शब्दच लिहीत नाही. 'दहावीच्या वर्गाचं अध्यापन, दोन शिक्षिका, बारा महिने' असं कामासकट लिहितो. खोलीचं भाडंही वर्गाच्या नावावर दाखवतो, कारण ते वर्गाचंच आहे. ही लपवाछपवी नाही. खर्च जिथला तिथे लिहिणं आहे, आणि ऑडिटमध्येही तो तसाच दिसला पाहिजे.

दुसरी गोष्ट मुदतीची. मुलाला दहावीपर्यंत न्यायला दोन वर्षं लागतात आणि पैसे येतात एका वर्षाचे, तेही पुष्कळदा मार्चमध्ये धावतपळत. कायद्यात यावर सोय आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने कामाला 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी दिली, तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तो चालू शकतो. त्याची न खर्चलेली रक्कम ३१ मार्चनंतर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येते आणि तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. हे सुरुवातीलाच मागा. वर्ष संपल्यावर मागून उपयोग नाही.

कागद कोणते, तर आयकराची १२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्जाने मिळणारा क्रमांक. कंपनीशी संबंध नसलेल्या संस्थेला त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. नवीन संस्थेने म्हणून पहिल्या दिवसापासून हजेरीपट आणि पावत्या जपाव्यात. परदेशी देणगीचा विचार सध्या बाजूला ठेवा. त्यालाही साधारण तीन वर्षं लागतात, शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. तो विषय स्वतंत्र भागाचा आहे.

आता राहिला आमचा हिशेबनीस. त्याचा पगार खरोखरच प्रशासकीय आहे आणि तो कुणालाच द्यायचा नसतो. हा खर्च आम्ही स्थानिक छोट्या देणग्यांतून भागवतो : साडीचे व्यापारी, खानदेशातून येऊन इथे स्थिरावलेले लोक, वर्गातून दहावी झालेली दोन मुलंसुद्धा. या पैशाला कुणाची अट नसते, म्हणून मला तो अनुदानापेक्षा मोलाचा वाटतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. २००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआयने घ्या. आणि वर्षभराच्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरा. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये भुर्दंड आहे. एका वर्षी आम्ही तोही भरला आहे.

गेलेल्या ताई या जूनपासून परत आल्या. अंदाजपत्रकातली त्यांची ओळ या वेळी खोडली गेली नाही. मात्र वर्ग सोडून गेलेल्या तेरा मुलांपैकी चारच सापडली. बाकीची कुठे आहेत याचा शोध त्याच घेत आहेत. पुढच्या भागात आमचं अंदाजपत्रक ओळीओळीने उघडून दाखवतो. तुमचंही जवळ घेऊन बसा.