खाऱ्या वाऱ्यातली मोटारसायकल



भाईंदरच्या एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला उत्तनचा समुद्र, शिवाय मिठागरे. पाड्यांवर औषधे पोहोचवणारी गाडी रात्रभर याच हवेत उभी असते.

मीठ हवेतला ओलावा ओढते. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कण पाघळतो आणि त्या खाऱ्या थराखाली गंज झपाट्याने पसरतो. पाऊस निदान मीठ धुऊन तरी नेतो. आडोशाला ठेवलेल्या गाडीवर ते साचतच राहते. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी गोड्या पाण्याने धुवावी. बोअरचे पाणी खारट असेल तर ते वापरू नये. मडगार्डची आतली बाजू, स्पोकची टोके आणि सायलेन्सरचा खालचा भाग विसरू नका. मग फडक्याने पुसून चेनला ९० नंबरचे गिअर ऑइल लावावे. ब्रेकच्या डिस्कवर मात्र त्याचा एक थेंबही जाता कामा नये.

खरी काळजी ब्रेकच्या केबलची. ती आवरणाच्या आत गंजते, बाहेरून काही दिसत नाही आणि एखाद्या घाटाच्या उतारावर तुटते. लिव्हर जड लागली किंवा सोडल्यावर हळू परतली, तर केबल लगेच बदलावी. तिचा खर्च फार नसतो.

प्लास्टिकचे घट्ट आवरण टाळा, आत दमट हवा कोंडते. रंग उडालेली जागा पॉलिश पेपरने घासून आधी रेड ऑक्साइड लावा, तो वाळल्यावर रंग. हे काम पावसाळ्याआधी, मे महिन्यातच उरकलेले बरे.