दुर्बिणीतून पिशवीचे ऑपरेशन : छिद्रे लहान, विश्रांती पूर्ण

‘पिशवीचे ऑपरेशन दुर्बिणीतून झाले, आता आठ दिवसांत बाई कामाला लागेल,’ असा समज घरोघरी आढळतो. तो अर्धाच खरा आहे. पोटावरची छिद्रे लवकर भरून येतात. आतली जखम भरायला मात्र निदान सहा आठवडे लागतात. ती दिसत नाही, म्हणून घरच्यांना आणि खुद्द रुग्णेलाही तिचा विसर पडतो.

दुर्बिणीच्या साह्याने गर्भाशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेतील डॉ. हॅरी रीच यांनी १९८८ साली केली. यात पूर्ण भूल देऊन बेंबीजवळ व ओटीपोटावर अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे पाडतात. कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवतात, म्हणजे आतले अवयव स्पष्ट दिसतात. सुटे केलेले गर्भाशय बहुधा योनिमार्गाने बाहेर काढतात आणि त्या मार्गाचे वरचे टोक टाक्यांनी बंद करतात. जपायचे असते ते मुख्यतः याच टाक्यांना.

ऑपरेशनपूर्वी

पहिला प्रश्न गरजेचा. नुसते पांढरे जाणे किंवा कंबर दुखणे हे पिशवी काढण्याचे कारण नव्हे. अतिरक्तस्रावावर अनेकदा गोळ्यांनी किंवा संप्रेरकयुक्त तांबीसारख्या साधनाने आराम पडतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या अशा ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, तो विसरू नये. शंका असल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. अंडाशय ठेवणार की काढणार, हेही विचारावे. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशये काढल्यास अंगाची एकाएकी आग होणे, घाम येणे असे त्रास सुरू होतात आणि पुढे हाडे ठिसूळ होऊ शकतात.

महिनोन्‌महिने रक्त गेलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन कमी असते. ऑपरेशन तातडीचे नसेल, तर आधी लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊन ते वाढवावे. मधुमेह व रक्तदाब आटोक्यात आणावा. तंबाखू-मिश्री बंद करावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. स्वतःच्या मनाने त्या बंद करू नयेत.

उपाशी राहण्याची वेळ काटेकोर पाळावी. घोटभर चहादेखील लपवून घेऊ नये. भुलेत पोटातले अन्न उलटून फुप्फुसात गेले, तर जिवावर बेतू शकते.

ऑपरेशननंतर

बहुधा एक-दोन दिवसांत घरी सोडतात. पोटात राहिलेल्या वायूमुळे खांदा दुखतो. त्याला घाबरू नये, तो दोन-तीन दिवसांत थांबतो. डॉक्टर सांगतील तेव्हा, शक्यतो पहिल्या चोवीस तासांतच, उठून हळूहळू चालावे. त्यामुळे पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. विश्रांती म्हणजे दिवसभर अंथरुणाला खिळून राहणे नव्हे.

भाताने किंवा डाळीने जखमेत पू होतो, ही समजूत चुकीची आहे. जखम भरण्यासाठी डाळ, दूध, अंडी, पालेभाज्या हव्यातच. पाणी भरपूर प्यावे. शौचाला कुंथावे लागू नये याची काळजी घ्यावी. बद्धकोष्ठ झाल्यास डॉक्टरांकडून औषध घ्यावे.

सहा आठवडे चार-पाच किलोंहून जड काही उचलू नये. पाण्याने भरलेली मोठी बादलीच पंधरा किलोंच्या घरात जाते! घागर, दळणाचा डबा, गॅसचे सिलिंडर आणि कडेवरचे नातवंडही यातच आले. उकिडवे बसून धुणे-भांडी करू नयेत. चहा करणे, भाजी निवडणे अशी हलकी कामे दोन आठवड्यांनी जमतील तशी करावीत. डॉक्टरांनी तपासून परवानगी देईपर्यंत पतिपत्नींनी संबंध ठेवू नयेत. ही मुदत काहींना सहा आठवड्यांहून अधिक असते. हे पतीलाही स्पष्ट सांगावे.

थोडा रक्तमिश्रित स्राव काही आठवडे होऊ शकतो. परंतु पुढीलपैकी काहीही झाले, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे : १००.४ अंशांवर ताप, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढती पोटदुखी व उलट्या, लघवी अडणे किंवा नकळत गळणे, एका पोटरीला सूज, छातीत दुखणे, धाप लागणे.

बहुतेक घरांत बाई हिंडू-फिरू लागली की कामे आपसूक तिच्याकडे परत येतात, आणि आतले टाके ताणतात ते अशाच वेळी. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवतानाच पुढचे सहा आठवडे पाणी कोण भरणार, दळण कोण आणणार, धुणे कोण धुणार, हेही घरात ठरवून टाकावे.