ताकद इंजिनाची, कसोटी शाफ्टची

वेगवान मोटारींची चर्चा बहुधा इंजिनाच्या अश्वशक्तीभोवतीच फिरत राहते. परंतु इंजिनात निर्माण झालेली शक्ती क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शिअल आणि चाकांना फिरवणारे हाफ शाफ्ट अशा भागांच्या साखळीतून चाकांपर्यंत पोहोचते, आणि इंजिनाची ताकद वाढवली की तिचा ताण या साखळीला सोसावा लागतो. हे भाग मोडतात ते मुख्यतः टॉर्कमुळे, म्हणजे शाफ्टला पीळ देणाऱ्या बलामुळे. गिअरबॉक्स फेरे कमी करून हा पीळ वाढवतो. त्यामुळे मोटार भरधाव धावत असतानापेक्षा ती पहिल्या गिअरमध्ये जागेवरून झेपावते, तेव्हा हाफ शाफ्टवरचा भार कितीतरी अधिक असतो.

अमेरिकेत २०१७ मध्ये सादर झालेल्या डॉज चॅलेंजर एसआरटी डीमन या मोटारीवरून या भाराची कल्पना येते. शर्यतीचे विशेष इंधन वापरल्यास तिचे ६.२ लिटरचे सुपरचार्ज्ड इंजिन ८४० अश्वशक्ती आणि सुमारे १,०४४ न्यूटन-मीटर टॉर्क देते. पहिल्या गिअरमध्ये हा टॉर्क सुमारे ४.७ पट होतो आणि डिफरन्शिअलमधील क्राउन-पिनियन तो आणखी ३.०९ पट वाढवतात, म्हणजे घर्षणात जाणारा थोडा भाग सोडला तरी मागच्या दोन हाफ शाफ्टांकडे मिळून १५,००० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ येऊ शकतो. म्हणूनच या मोटारीच्या हाफ शाफ्टांच्या टोकांना ४१ स्प्लाइन, म्हणजे जोडभागात घट्ट बसणारे उभे दाते, दिलेले आहेत. दात्यांची संख्या आणि शाफ्टची जाडी वाढवल्याने भार अधिक पृष्ठभागावर वाटला जातो.

तरीही एवढा पीळ प्रत्येक वेळी शाफ्टपर्यंत पोहोचतोच असे नाही, कारण साध्या रस्त्यावरच्या टायरला त्यातला निम्माही पेलवत नाही; तो घसरतो आणि घरातल्या फ्यूजप्रमाणे पुढचा अनर्थ टाळतो. मऊ रबराचे, रुंद आणि चिकट टायर बसवले की हे संरक्षण उरत नाही. चौचाकी चालनाच्या मोटारीतही चारही टायर एकदम सहजासहजी घसरत नसल्याने धक्का क्लच आणि गिअरबॉक्सला झेलावा लागतो. भरीस भर म्हणजे इंजिन उच्च फेऱ्यांवर ठेवून क्लच एकदम सोडला, तर जड फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा क्षणार्धात बाहेर पडते आणि शाफ्टवरचा पीळ इंजिनाच्या नेहमीच्या टॉर्कच्या हिशेबापलीकडे जातो. टायर आळीपाळीने पकड घेत आणि सोडत उड्या मारू लागला, तर असे धक्के सेकंदात अनेकदा बसतात.

मोडलेला भाग आपल्या मोडण्याचे कारण बहुधा स्वतःच सांगतो. भरीव शाफ्टला पीळ बसला की सर्वाधिक ताण त्याच्या पृष्ठभागावर येतो आणि स्प्लाइनच्या खाचेच्या तळाशी तो एकवटतो. चिवट पोलादाचा शाफ्ट एकाच अतिभाराने गेला असेल, तर तुटण्यापूर्वी त्याच्या सरळ स्प्लाइन तिरप्या वळलेल्या दिसतात. याउलट वारंवार बसलेल्या भाराने धातू शिणत गेला असेल, तर तुटलेल्या तोंडावर एका बिंदूपासून पसरत गेलेल्या वक्र रेषा आढळतात. शाफ्टची पीळ सोसण्याची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढवला तरी ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. गिअरचे दात मुळाशी वाकून तुटतात. म्हणून त्यांचा पृष्ठभाग कठीण आणि गाभा चिवट राहील अशी उष्णताप्रक्रिया त्यांच्यावर केली जाते.

मात्र एकच भाग मजबूत केल्याने प्रश्न सुटत नाही, तो पुढे सरकतो: घसरणारा क्लच बदलला की गिअरच्या दातांची पाळी येते आणि गिअर बदलले की हाफ शाफ्टची. यामुळे आधुनिक मोटारींत संगणक खालच्या गिअरमध्ये किंवा गिअर बदलताना इंजिनाचा टॉर्क मुद्दाम कमी करतो. अश्वशक्ती वाढवणाऱ्याने हे बंधन काढून टाकले, तर कारखान्यातल्या अभियंत्याने राखलेली सुरक्षेची सीमाही नाहीशी होते. म्हणून इंजिनावर खर्च करण्यापूर्वी साखळीतला कोणता भाग आधी मोडेल आणि तो बदलणे किती सोपे व स्वस्त असेल, हे ठरवणे शहाणपणाचे. हाफ शाफ्ट मोडणे हे गिअरबॉक्स फुटण्यापेक्षा केव्हाही परवडते.